शिकाऊ म्हणावे आणि राबवून घ्यावे

ज्या राज्यव्यवस्थेजवळ तरुणांना देण्यासाठी काम उरत नाही, तिच्याजवळ त्यांना देण्यासाठी शब्द मात्र पुष्कळ असतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील बेकार तरुणाच्या वाट्याला असा एक शब्द आला आहे. तो म्हणजे ‘प्रशिक्षण’. कारखान्यात उभा असलेला तरुण कामगार नाही, तो प्रशिक्षणार्थी आहे. सरकारी कचेरीत फायली हलविणारी तरुणी कर्मचारी नाही, तीही प्रशिक्षणार्थीच आहे. तिला मिळतो तो पगार नव्हे, ते विद्यावेतन. मुदत संपली की तिला काढले जात नाही, तिचे प्रशिक्षण ‘पूर्ण’ होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्या समाजाने घडविली त्याला ही चलाखी ओळखता येऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

शब्दांची चर्चा हा पंडितांचा रिकामा उद्योग आहे, चळवळीला त्याचे काय, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु मजुराची व्याख्या ज्याच्या हातात असते त्याच्याच हातात मजुरीचा दर असतो. म्हणून या शब्दाची आणि त्याच्या भाऊबंदांची झडती घेणे हे श्रमिक चळवळीचेच काम होय.

‘शिक्षण’ या शब्दाच्या मुळाशी ‘शिक्ष्’ हा धातू आहे आणि तो ‘शक्’ या धातूचे इच्छार्थक रूप आहे. शक्तिमान होण्याची, समर्थ होण्याची इच्छा म्हणजे शिकणे. हा अर्थ इतका उदात्त आहे की त्यापुढे मराठीने केलेला बदल क्रूर वाटावा. हिंदीत ज्या ‘शिक्षा’ शब्दाचा अर्थ विद्या असा होतो, त्याचाच मराठीत अर्थ दंड असा होतो. छडीखाली चाललेल्या शाळांची शतके या एका शब्दात साठलेली आहेत.

अरबीतून आलेल्या ‘तालीम’ शब्दाचे मूळ ज्ञानवाचक आहे. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्यात आणि नाटकाच्या रंगमंचावर स्थिरावला. परंतु तालमीत घाम गाळणारा मल्ल स्वतःचे शरीर घडवीत असतो आणि नाटकाची तालीम प्रयोगाच्या दिवशी संपते. जन्मभर तालीमच चालू ठेवून प्रयोगाचे तिकीट मात्र लावायचे, हे कोणा नाटक मंडळीला सुचले नव्हते. ते आजच्या मालकवर्गाला सुचले आहे. ‘कवायत’ हाही शब्द अरबीतूनच, नियमवाचक मुळातून आला. तिच्यात शिकणाऱ्याने विचार करणे अपेक्षितच नाही, केवळ हुकमाबरोबर पाऊल पडले पाहिजे.

फारसीतून आलेले दोन शब्द तर अर्थशास्त्राचा धडाच देतात. ‘शागीर्द’ म्हणजे शिष्य. पण मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘शागीर्दपेशा’ म्हणजे सरदारांच्या घरचा नोकरचाकरांचा ताफा. गुरूच्या घरी विद्येसाठी राहिलेला शिष्य चाकराच्या रांगेत केव्हा जाऊन बसला, हे त्याचे त्यालाही कळले नसेल. दुसरा शब्द ‘उमेदवार’. उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला माणूस. कचेरीत कारकुनाची जागा रिकामी होईल या आशेवर फुकट राबणे, याला मराठीत ‘उमेदवारी करणे’ असे नाव पडले. पुढे लोकशाही आली आणि हाच शब्द निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला लावला गेला. निवडणुकीतील उमेदवाराची आशा पाच वर्षांनी का होईना, निकालात निघते. परंतु सरकारी परिभाषेत ज्याला ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात त्याच्या आशेला निकालच नाही.

तेव्हा शिकविण्याच्या या सर्व शब्दांत एक प्रश्न दडलेला आहे. शिकण्याने समर्थ कोण होतो, शिकणारा की शिकविणारा? या प्रश्नाच्या उत्तरावर प्रशिक्षण कोणते आणि पिळवणूक कोणती हे ठरते.

हा प्रश्न आजचा नाही. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कारागिरीचा धंदा करू इच्छिणाऱ्याला सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. या उमेदवारीवर सर्वात कठोर हल्ला चढविला तो कोणा समाजवाद्याने नव्हे, तर भांडवलशाही अर्थशास्त्राचा आद्य पुरुष ॲडम स्मिथ याने. १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की बहुतेक धंदे शिकण्यास इतकी वर्षे मुळीच लागत नाहीत. त्या काळात उमेदवाराचे सर्व श्रम धन्याचे होतात. आणि ही पद्धत बंद झाली तर सात वर्षांची जी मजुरी धनी आज वाचवितो ती त्याला गमवावी लागेल. आपल्याकडील उद्योगपतींच्या सभांतून स्मिथचे नाव मोठ्या भक्तिभावाने घेतले जाते. त्याच्या ग्रंथातील हे प्रकरण मात्र कोणी उघडताना दिसत नाही.

यंत्रयुग आले तेव्हा हा शब्द आणखी कामी आला. अनाथालयांतील आणि दरिद्रगृहांतील मुले ‘उमेदवार’ म्हणून सूतगिरण्यांना बांधून देण्यात आली. त्यांच्यासाठी १८०२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला, त्यातील दयाबुद्धी एवढीच की या मुलांना दिवसाला बारा तासांहून अधिक राबवू नये. त्याहून भयंकर उदाहरण १८३४ चे आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये संमत झाला आणि १ ऑगस्ट १८३४ रोजी वेस्ट इंडीजमधील गुलाम ‘मुक्त’ झाले. मुक्त होऊन ते काय झाले? उमेदवार झाले! ज्या मळ्यात बापजाद्यांपासून ऊस तोडला त्याच मळ्यात, त्याच धन्यासाठी, आणखी सहा वर्षे बिनमजुरीने आठवड्याचे ठरावीक तास राबावयाचे, कारण स्वातंत्र्य उपभोगण्याचे ‘शिक्षण’ त्यांना मिळावयाचे होते. ऊस तोडण्यात ज्यांची हयात गेली त्यांना ऊस तोडण्याचे शिकाऊ ठरविणारा हा कावा त्या लोकांनी आणि त्यांच्या कैवाऱ्यांनी हाणून पाडला; १८३८ मध्येच ही उमेदवारी संपवावी लागली. त्याच वर्षी ब्रिटिश गियानाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातील पहिले गिरमिटिये उतरले, हा योगायोग नव्हे. एक शब्द निकामी झाला की भांडवल दुसरा शब्द शोधते.

आता भारतीय कायद्याकडे वळावे. स्वतंत्र भारतात औद्योगिक प्रशिक्षणाची पायाभरणी १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजनेने झाली आणि गावोगावच्या ‘आयटीआय’मधून जोडारी, कातारी, वेल्डर, वायरमन तयार झाले. या कार्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदाही मूलतः याच हेतूचा. परंतु त्याच्या कलम १८ मध्ये असे नमूद आहे की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे. आणि त्या कायद्यात अन्यथा सांगितलेले नसेल तेथे कामगारविषयक कोणताही कायदा त्याला लागू होणार नाही. आरोग्य, सुरक्षितता, कामाचे तास, रजा आणि अपघाताची भरपाई एवढ्यापुरते संरक्षण त्याला ठेवले गेले. मालकाशी तंटा झाल्यास तो कामगार न्यायालयाकडे नव्हे, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे न्यावयाचा. कलम २२ ने मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर ठेवले नाही.

हे दार १९६१ मध्ये किलकिले होते. पुढे ते सताड उघडण्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने या कायद्याचा भंग करणाऱ्या मालकाची कैदेची शिक्षा काढून टाकून केवळ दंड ठेवला. २०१९ च्या नियमांनी आस्थापनेतील एकूण मनुष्यबळाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घेण्याची मुभा दिली आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविले. त्याआधी २०१३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली ‘नीम’ नावाची योजना आली. तिच्यात तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत तरुणांना ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून कारखान्यात ठेवता येत होते, तेही मध्यस्थ संस्थांच्या द्वारे. कंत्राटदार तोच, त्याच्या पाटीवर ‘शिक्षण’ हा शब्द मात्र नवा. पुढे ही योजना बंद करण्यात आली. तिने लावलेली सवय मात्र गेली नाही.

सर्वांत मोठा घाव व्याख्येवरच घातला गेला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराचा स्पष्ट शब्दांत समावेश होता. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवाराला व्याख्येतून तितक्याच स्पष्ट शब्दांत वगळले आहे. कंसातील दोन शब्द बदलले आणि कारखान्याच्या दाराशी उभी असलेली एक संपूर्ण पिढी कामगारवर्गातून वजा झाली. शब्दांची चर्चा निरर्थक मानणाऱ्यांनी या कंसाकडे एकवार पाहावे.

प्रत्यक्षात काय घडते? चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूर-अंबडच्या पट्ट्यात फिरणाऱ्या कार्यकर्त्याला हे सांगावे लागत नाही. जुळणीच्या पट्ट्यावर एक क्रिया करावयाची असते. पट्टा पुढे सरकला की तीच क्रिया पुन्हा. ती शिकण्यास काही दिवस लागतात; फार तर काही आठवडे. त्यानंतर तो तरुण कायम कामगाराच्या शेजारी, त्याच वेगाने, तेवढाच माल काढतो. नावाला शिकाऊ, कामाला पुरा गडी. मुदत संपते, तो बाहेर पडतो आणि त्याच जागी दुसरा शिकाऊ उभा राहतो. जागा कायम, काम कायम, नफा कायम; माणूस तेवढा तात्पुरता! मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगाराची आठवण यावी अशीच ही गत आहे. फरक एवढाच की बदली कामगार हा निदान कामगार म्हणून ओळखला जात असे.

या टीकेला मालकवर्गाचे उत्तर ठरलेले आहे. नवशिका माणूस कमी उत्पादन करतो, माल खराब करतो, त्याच्यावर देखरेखीचा खर्च होतो. मग त्याला पुरा पगार कसा द्यावा? हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही आणि समाजवाद्यांनी तो झटकून टाकू नये. ज्याला खरोखर शिकविले जाते त्याच्या पहिल्या काही महिन्यांचे वेतन कमी असणे समजण्यासारखे आहे. परंतु हा युक्तिवाद त्याच्या शेवटापर्यंत नेला पाहिजे. मानवी भांडवलाचा सिद्धांत मांडणाऱ्या गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडते त्याचा खर्च कामगार स्वतः, कमी मजुरी घेऊन, सोसतो. कारण त्याचे फळ पुढे त्यालाच मिळते. जे कौशल्य त्या एका कारखान्यापुरतेच उपयोगी असते त्याच्या खर्चाचा वाटा मालकालाही उचलावा लागतो. बेकर समाजवादी नव्हता. बाजारावरील त्याची श्रद्धा सर्वश्रुत आहे. पण त्याच्याच मापाने पाहिले तरी मालकवर्ग दोषी ठरतो. कमी मजुरीचे समर्थन करावयाचे तर बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हाती चार ठिकाणी विकता येईल असे कौशल्य हवे. त्याच्या हाती असते एका पट्ट्यावरील एक क्रिया. म्हणजे मजुरी पहिल्या प्रकारची कापावयाची आणि शिकवावयाचे दुसऱ्या प्रकारचे, किंबहुना काहीच नाही! भांडवलशाहीच्या स्वतःच्या अर्थशास्त्रातही या व्यवहाराला समर्थन सापडत नाही.

मालकवर्ग नफ्यासाठी हे करतो, हे समजू शकते. पण कल्याणकारी म्हणविणारे राज्यही तेच करू लागले तर दाद कोणाकडे मागावी? महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये ‘शिक्षण सेवक’ नावाचे पद निर्माण केले. अध्यापन पदविका घेऊन, म्हणजे रीतसर प्रशिक्षित होऊन आलेल्या शिक्षकाला तीन वर्षे दरमहा ३,००० रुपयांच्या मानधनावर प्राथमिक शाळेत राबवावयाचे, ही त्यातील योजना. वर्ग पूर्ण त्याच्याकडे, जनगणना व निवडणुकीची कामे त्याच्याकडे, पण तो शिक्षक नाही, सेवक आहे. प्राथमिक शिक्षण सेवकाचे हे मानधन १६,००० रुपयांपर्यंत पोहोचण्यास २०२३ साल उजाडावे लागले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी मागणी केली होती की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तर शेतकरी वर्गातून आलेले आणि नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरू शकणारे असावेत, आणि त्यांचा पगार दरमहा किमान बारा रुपये असावा. फुल्यांनी प्रशिक्षण आणि चांगला पगार या दोन गोष्टी एकाच दमात मागितल्या. त्यांच्या नावाने संस्था काढणाऱ्या राज्यकर्त्यांनी पहिली गोष्ट दुसरी नाकारण्याचे निमित्त बनविली.

२०२४ मध्ये तर या धोरणाने कळस गाठला. विधानसभेच्या निवडणुकीआधी ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ जाहीर झाली. अठरा ते पस्तीस वयाच्या तरुणांना सहा महिने सरकारी कचेऱ्यांत व खाजगी आस्थापनांत ‘कार्य प्रशिक्षण’. बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन, तेही सरकारी तिजोरीतून. लोकांनी तिचे ‘लाडका भाऊ योजना’ असे बारसे केले. पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. बारावा महिना कोणाला दिसू नये, याची काळजी नोकरशाहीने घेतलीच! खाजगी मालकाच्या दृष्टीने तर ही योजना म्हणजे कल्पवृक्षच. माणूस त्याच्या दुकानात राबणार, विद्यावेतन जनतेच्या करातून जाणार. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पातील इंटर्नशिप योजनेचा न्यायही असाच आहे. देशातील आघाडीच्या पाचशे कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना दरमहा ५,००० रुपयांवर अनुभव देण्याचा तो संकल्प. त्यातील ४,५०० रुपये सरकारचे आणि ५०० रुपये कंपनीचे, तेही सामाजिक दायित्वाच्या निधीतून. देशातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांना मजुरीचे अनुदान देण्याची ही योजना आहे. तिला तरुणांचे कल्याण म्हणणे हा भाषेवरील अत्याचार होय.

राहता राहिला प्रश्न तो हा की श्रमातून शिक्षण ही कल्पनाच चुकीची आहे काय? मुळीच नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ मांडली तेव्हा हस्तोद्योगाला सर्व शिक्षणाचा मध्य मानले होते. परंतु गांधींच्या सूतकताईत गणित होते, भूगोल होता, इतिहास होता. टकळी हे मुलाची बुद्धी जागी करण्याचे साधन होते. असे असूनही, मुलांच्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागवावा या कलमावर त्या काळी गंभीर आक्षेप घेतले गेले. मुलांच्या श्रमावर शाळा चालू लागली तर शाळेचाच कारखाना होईल, ही भीती विचारवंतांनी गांधींच्या तोंडावर बोलून दाखविली. गांधींसारख्या माणसाच्या योजनेला जो प्रश्न विचारला गेला, तो चाकणच्या कारखानदाराला आणि मुंबईच्या मंत्रालयाला विचारण्यास संकोच का वाटावा?

जर्मनीतील उमेदवारी पद्धतीचे गोडवे आपले उद्योगमंत्री नेहमी गातात. तेथे १९६९ च्या व्यावसायिक प्रशिक्षण कायद्याप्रमाणे लेखी करार असतो, ठरलेला अभ्यासक्रम असतो, व्यवसायशाळा असते, शेवटी परीक्षा असते आणि सर्वत्र मान्य होणारे प्रमाणपत्र असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अभ्यासक्रम ठरविण्यात आणि उमेदवाराचे वेतन ठरविण्यात कामगार संघटनांचा वाटा असतो. आपल्या मंत्र्यांनी जर्मनीहून उमेदवारी आणली. संघटना मात्र विमानतळावरच सोडून दिली.

यातून चळवळीने काही मागण्या निश्चित केल्या पाहिजेत. नावावरून नव्हे, कामावरून माणसाचा दर्जा ठरावा. जो उत्पादनाच्या पट्ट्यावर स्वतंत्रपणे काम करतो तो कामगारच होय. प्रत्येक व्यवसाय शिकण्याची खरी मुदत संघटनांच्या सहभागाने ठरवावी आणि ती संपताच किमान वेतन सुरू व्हावे. अभ्यासक्रम, शिक्षक आणि परीक्षा यांपैकी एकही नसेल तेथे ‘प्रशिक्षण’ हा शब्द वापरणे दंडनीय ठरावे. रिकाम्या जागांवर शिकून निघालेल्यांना प्राधान्य मिळावे. इतर गोष्टी समान असतील तर शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीपेक्षा पसंती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सांगितलेलेच आहे. आणि शिकाऊ उमेदवाराला संघटनेचे सभासद होण्याचा हक्क निर्विवाद असावा.

शेवटचा शब्द मात्र मालकवर्गाला किंवा सरकारला उद्देशून नाही. कायम कामगारांच्या संघटनांनी आजवर पगारवाढीचे जे करार केले त्यांत शिकाऊंचे नाव कितीदा आले? पट्ट्यावर शेजारी उभा असलेला मुलगा एक तृतीयांश पैशांत तेच काम करीत असताना आपल्या करारावर समाधानाने सही करणारा कायम कामगार आपल्याच पायाखालची फळी कापीत असतो. उद्या संप झाला तर पट्टा कोण चालू ठेवील, हे मालकाला चांगले ठाऊक आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये हरियाणातील मानेसरच्या मोटार कारखान्यात कायम कामगारांनी कंत्राटी सोबत्यांना परत घ्या या मागणीसाठी काम बंद केले होते. महाराष्ट्रातील संघटनांनी त्या संपाकडे केवळ वृत्तपत्रातील बातमी म्हणून पाहिले असेल, तर त्या काहीच शिकल्या नाहीत असे म्हणावे लागेल.

समाजवादी पक्षांच्या शिबिरांनाही हाच निकष लावावा. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल पुन्हा उभे करताना एस. एम. जोशी आणि त्यांचे सहकारी ज्या शाखा व शिबिरे चालवीत, तेथे कवायत होती, पण त्याबरोबर प्रश्न विचारण्याची मुभा होती, आणि शिबिरातून घरी गेलेला मुलगा आपल्या गावात सहभोजनाचा आग्रह धरीत असे. आजच्या कार्यकर्ता-प्रशिक्षणातून नेत्यांच्या सतरंज्या घालणारे शागीर्द निघतात की स्वतःच्या पायावर उभे राहणारे माणूस, याचा हिशेब पक्षानेही द्यावा. शिकणे म्हणजे समर्थ होण्याची इच्छा, हा जर शब्दाचा मूळ अर्थ असेल तर ती इच्छा संघटनेवाचून पुरी होत नाही. कारखान्याच्या दाराबाहेर संध्याकाळच्या पाळीनंतर पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या त्या मुलाला कोणी तरी हे सांगितले पाहिजे की तो शिकाऊ नाही. तो कामगार आहे, आणि सभासदत्वाची पावती त्याच्याही नावाने फाडता येते.